अकरा वाजून सात मिनिटांची नोंद

ती केस अजूनही मनातून गेलेली नाही. आठवली की माझा उजवा हात आपोआप खिशात जातो. का जातो, ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे. कुणाचंही नाव देणार नाही. गावाचं, संस्थेचं आणि माणसांचंही नाही. एका माणसाला मात्र लपवून भागणार नाही, तो पुढे येईलच.

निवृत्तीनंतर मी साताऱ्यात राहतो. नोकरीची शेवटची तीन वर्षं सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका ठाण्यात प्रभारी निरीक्षक म्हणून काढली. माझं स्वतःचं गाव औंधच्या बाजूला, त्यामुळे दुष्काळी मुलूख मला नवा नव्हता. नवं होतं ते पाणी. उपसा योजनेचं पाणी नुकतंच त्या भागात पोचलं होतं, आणि पाणी आलं म्हटल्यावर पाळ्या आल्या, पाळ्यांबरोबर भांडणंही आली. ठाण्यातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ पाटात सापडायचं.

या पाळ्या ठरवणारी एक पाणीवापर संस्था होती. दोन खोल्यांचं कार्यालय, एक सचिव आणि एक ऑपरेटर बाई. ही बाई तिशीतली. तिचा नवरा फौजेत, सीमेवर. सासूबरोबर गावातच राहायची आणि संस्थेचा एकुलता एक कॉम्प्युटर सांभाळायची. त्या वर्षी तिने रब्बीच्या पाळ्यांची नवी यादी केली होती. रानोरान हिंडून, कुणाचं किती क्षेत्र, कुठलं पीक, पाटाच्या कुठल्या दारातून पाणी जातं हे सगळं लिहून आणलं होतं. सभेत तीनदा भांडणं होऊन ती यादी मंजूर झाली, कारण तिच्यात पहिल्यांदाच शेपटाकडच्या, म्हणजे पाटाच्या शेवटाकडच्या रानांना आधी पाणी मिळणार होतं. तोवर वरच्या अंगाची रानं भिजून उरलं तर खाली, असा प्रकार चालत असे.

दसरा झाला, कार्यालय उघडलं आणि कॉम्प्युटर काही सुरू होईना. निळा पडदा यायचा, काहीबाही इंग्रजी अक्षरं दिसायची, मशीन आपोआप बंद व्हायचं, परत सुरू व्हायचं, परत निळा पडदा. गावातल्या दुरुस्तीवाल्याने तीन तास बटणं दाबून पाहिली आणि फॉरमॅट मारावा लागेल असं सांगून मोकळा झाला. म्हणजे आतलं सगळं पुसून जाणार. छापील प्रत नव्हती, कारण प्रिंटरची शाई वाळली होती. रानात लिहिलेली कागदं सभेतल्या दुरुस्त्यांच्या आधीची. आणि पाणी सुटायला राहिले होते सहा दिवस. नवी यादी नसेल तर जुन्या यादीने पाणी सोडायचं, असा संस्थेचा नियम होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेपटाकडची साठ-सत्तर माणसं ठाण्याच्या आवारात येऊन बसली. आरडाओरडा नाही, घोषणा नाहीत. गप्प बसलेला जमाव मला जास्त धोक्याचा वाटतो. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याला आत बोलावलं. डोक्याला पटका, हातात काठी, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेलं घर.

"साहेब, आमी मेंढरं सोडून रान धरलं ते ह्या पान्याच्या भरवशावर," तो म्हणाला. "औंदा शाळू पेरलाय. पयलं पानी चुकलं तर तो करपून जातोय. यादी गेली न्हाई, घालवलीय. ते तेवडं बघा."

सचिवाने रीतसर फिर्याद दिली. संगणकातली माहिती हेतुपुरस्सर नष्ट केल्याचा गुन्हा दाखल झाला. मी स्वतः कार्यालयात गेलो, पंचनामा केला आणि मशीन सील करून मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतलं. दुरुस्तीवाला फॉरमॅटची तयारी करूनच बसला होता. ऑपरेटर बाई मात्र मशीनसमोर उभी राहून म्हणत होती, "फॉरमॅट मारू देऊ नका, साहेब. यादी आत हाय. तिला काय बी झालं नसंल." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मला वाटलं, नाटक आहे.

त्याच संध्याकाळी माझ्या एका जुन्या खबऱ्याचा फोन आला. हा गडी कधी फुसकी बातमी द्यायचा नाही.

"साहेब, लांब कशाला जाताय? बाईनंच पाडलाय कॉम्प्युटर. तिच्या दिराचं रान वरच्या अंगाला हाय. नव्या यादीत त्याची पाळी गेली पार म्हागं. आता बोला."

हेतू सापडला, संधी तर होतीच, कारण कार्यालयाची एक किल्ली तिच्याकडे असायची. नोकरीच्या तिसाव्या वर्षी माणसाला एक रोग जडतो. हेतू आणि संधी एका जागी दिसली की त्याला झोप छान लागते. मलाही लागली.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नाही, तिच्या घरी जायचं, हा कायदा. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी एका महिला शिपायाला घेऊन मी तिच्या घरी गेलो. स्वच्छ सारवलेलं अंगण, दारात तुळस. ओसरीवर शिलाई मशीन, शेजारी विळा, खुरपं, कुदळ ओळीने ठेवलेली, आणि प्रत्येकावर खंडेनवमीचं हळदीकुंकू अजून तसंच. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजायची आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही. आता हत्यारांत ट्रॅक्टर आला, मोटर आली, कॉम्प्युटरही आला. पूजा करायला कुणाची ना नाही.

सासू चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवताच म्हणाली, "आवं साहेब, माजी सून खोटं बोलायची न्हाई. तिला काय इचारायचं ते इचारा, पन हळू इचारा."

मी विचारलं, "शेवटचा कॉम्प्युटर कधी चालवला?"

"खंडेनवमीच्या आदल्या सांजंला यादी पुरी करून सेव केली," ती म्हणाली. "खंडेनवमीला सकाळी पूजेसाठी गेले तवा सुरू केला. लय दिवस ते अपडेट मागत हुतं. म्हटलं, आज काम करायचं न्हाई, तर हेचं हे हुईल. अपडेट लावलं आन् वरनं हार घातला. परत हात लावला न्हाई."

"मग बंद कोणी केला?"

ती जमिनीकडे बघत राहिली.

"मी विचारतोय, बंद कोणी केला?"

"मी न्हाई केला," एवढंच.

मी पंधरा-वीस मिनिटं तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. आवाज चढवला. दिराचं रान काढलं, वरच्या अंगाच्या लोकांची नावं काढली. त्याची उत्तरं ती सरळ देत होती. दिराशी बोलणं वर्षभर बंद आहे, यादीत त्याची पाळी मागे टाकली म्हणूनच बंद आहे, सभेतल्या लोकांना विचारा. पण बंद कोणी केला म्हटलं की मान खाली. गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवत असतो, हे पोलिसाला पहिल्याच वर्षी कळतं. ती लपवत होती हे मी बरोबर ओळखलं. काय लपवत होती, एवढंच ओळखता आलं नाही.

निघताना ती दारापर्यंत आली. "साहेब, एकच इनंती हाय. माज्या मालकांना कळवू नका. ते तितं डुटीवर हायेत, त्यांचं ध्यान भलतीकडं जाईल."

संस्थेने तिला कामावर येऊ नको असं सांगितलंच होतं. गावात तर निकाल लागून गेला होता. मी केस डायरीत लिहिलं, 'संशयित उत्तर देण्याचे टाळते', आणि पुढच्या दोन दिवसांत अटक करायचं मनाशी ठरवलं.

अटकेआधी मशीन तपासून घेणं भाग होतं. सांगलीहून सायबर शाखेची एक कॉन्स्टेबल आली. मलकापूरची मुलगी, वडील माजी सैनिक, बोलणं मोजकं. तिने पंचांसमोर सील उघडलं आणि मूळ डिस्कला धक्का न लावता तिची हुबेहूब प्रत काढली. पुढचं सगळं काम त्या प्रतीवर. मी खुर्ची ओढून शेजारी बसलो. मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते कबूल करायची लाजही वाटत नव्हती.

"हे पडलेलं मशीन परत उठतं तरी कसं?" मी विचारलं.

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "सर, ठाण्यातनं गाडी निघायच्या आधी आपण स्टेशन डायरीला नोंद घेतो. अमुक वाजता अमुक ठिकाणी रवाना. आलो की परत आल्याची नोंद. मशीनचंही तसंच आहे. फायलींच्या मांडणीत काही फेरफार करायचा असला की आधी ते आपल्या डायरीत लिहितं, मग काम करतं. मध्येच पडलं, तर उठल्यावर पहिली डायरी वाचतं. ज्या कामाच्या सगळ्या नोंदी आहेत ते पुरं करून घेतं. जे अर्धवट राहिलंय ते मोडून पहिल्यासारखं करतं. म्हणून असं पडलं तरी सगळं जात नाही."

हे मला चटकन कळलं. तीस वर्षं स्टेशन डायरी लिहिली होती. नोंद नसलेली गाडी आणि नोंद नसलेला माणूस यांनी किती घोळ होतो, ते माझ्याइतकं कोण जाणणार?

"मग हे का उठत नव्हतं?"

"अपडेट अर्ध्यावर तुटलं, सर. जुन्या फायली निम्म्या निघालेल्या, नव्या निम्म्याच बसलेल्या. अशा वेळी मशीन दोन-तीनदा उठायचा प्रयत्न करतं. नाही जमलं तर स्वतःच दुरुस्तीचा पडदा आणतं आणि काय मोडलंय ते तपासायला लागतं. त्याला वेळ लागतो. पण पडदा हलत नाही म्हणून माणसं घाबरतात आणि बटण दाबतात. मग पुन्हा पहिल्यापासून. त्या दुरुस्तीवाल्यानं तीन तास हेच केलंय."

तिने त्या पडद्यावर जाऊन अर्धवट अपडेट काढून टाकायला सांगितलं आणि हात बाजूला घेतला. त्यानंतर दोन तास आम्ही नुसते बसून होतो. चहा तीनदा झाला. पडद्यावर एक टिंबांचं कडं गोल गोल फिरत होतं. मी दोनदा म्हणालो, "अडकलं वाटतं." ती दोनदा म्हणाली, "नाही सर, काम करतंय."

मग मशीन उठलं. आधी अगदी जेवढ्यास तेवढं, मोठमोठी अक्षरं, इंटरनेट नाही, रंग नाहीत. पाय भरून आलेला माणूस भिंतीला धरून उभा राहतो तसं. तिने फोल्डर उघडलं. यादी होती. एकही ओळ न तुटलेली, आदल्या सांजेला सेव केलेली, बाईने सांगितली तशीच.

मला आनंद झाला, पण पोलिसी आनंद. यादी मिळाली, तरी गुन्हा राहतोच ना? मी तसं म्हणालो. ती म्हणाली, "सर, आता मशीनची दुसरी डायरी बघूया. कधी सुरू झालं, कधी बंद पडलं, ते त्यात असतं."

खंडेनवमीच्या दिवसाच्या नोंदी निघाल्या. सकाळी दहा वीसला मशीन सुरू. साडेदहाला अपडेटला सुरुवात. अकरा वाजून सात मिनिटांनी सगळ्या नोंदी तुटलेल्या. पुढची नोंद थेट दोन दिवसांनंतरची, मशीनने स्वतः लिहिलेली: आधीच्या वेळी अकरा वाजून सात मिनिटांनी अनपेक्षितपणे बंद झालो होतो.

"रीतीनं बंद केलं असतं तर तशी नोंद झाली असती," ती म्हणाली. "बटण दाबून धरून बंद केलं असतं, तरी त्याची खूण राहिली असती. इथं दोन्ही नाही. म्हणजे वीजच गेली. आणखी एक, सर. ज्याला यादी घालवायची असते तो फॉरमॅट मारू नका म्हणून आडवा येत नाही."

ते वाक्य मला लागलं. मी वीज कंपनीच्या लाइनमनला फोन केला. त्या दिवशी त्या भागात वीज एक मिनिटही गेली नव्हती. कार्यालयातल्या बॅटरीचा डबा उन्हाळ्यातच मेलेला. म्हणजे कोणीतरी कार्यालयातला मेन स्विच पाडला होता. अकरा सातला.

"पूजेला कोण कोण होतं, त्यांची यादी काढा," मी म्हणालो. "एकेकाला विचारतो."

ती जागची हलली नाही. वहीवर पेन ठेवलं, माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर, त्याआधी आपल्या ठाण्याची त्या दिवसाची स्टेशन डायरी बघूया का?"

ठाणे अंमलदाराने नोंद काढून दिली. मी चष्मा लावून वाचली. 'सकाळी १०.५० वा. प्रभारी निरीक्षक सो. पाणीवापर संस्थेच्या कार्यालयात शस्त्रपूजेस रवाना. ११.२५ वा. परत.' खाली सही माझी.

सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. पूजेला मला मानाने बोलावलं होतं; त्या यादीत स्वतःला धरावं हे मला सुचलंच नव्हतं. आरती झाली. सचिव एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या घेऊन कॉम्प्युटरच्या टेबलाकडे वळला. मी म्हणालो, "थांबा, वायरींवर पाणी पडेल." आणि दाराआड जाऊन मेन स्विच खाली ओढला. माझ्या या हातानं. नारळ फुटला, पाणी शिंपडलं, मी स्विच वर केला. दिवे लागले, पंखा फिरायला लागला, सगळं ठाकठीक. हाराखालचा कॉम्प्युटर तसाच बंद राहिला, तिकडे माझं लक्षही गेलं नाही. पेढा खाऊन मी ठाण्यात परत आलो.

मेन बंद करणं ही माझी जन्माची सवय. तरुणपणी एका गावात शॉर्टसर्किटनं जळालेल्या घराचा पंचनामा केला, तेव्हापासूनची. घरातून दोन दिवसांसाठी निघालो तरी मी आधी मेन बंद करतो. बायको म्हणते, "पाहुणे जेवत असले तरी हे मेन बंद करतील." सवयीच्या कामाची आठवण राहत नाही. चप्पल कुठल्या पायात आधी घातली ते कुणाला आठवतं? मी त्या बाईला वीस मिनिटं दरडावून विचारत होतो, बंद कोणी केला. आणि ती जमिनीकडे बघत होती, कारण उत्तर तिच्यासमोर खुर्चीवर बसलं होतं.

कॉन्स्टेबल बाहेर जाऊन उभी राहिली होती. नोंद मी एकट्यानं वाचावी म्हणून. एवढी समज मी तिच्या वयात दाखवली नसती. त्या पूजेला साहेबही होते, हे तिला चहा देणाऱ्या शिपायानं सांगितलं होतं, असं मला नंतर कळलं.

तसाच उठलो, महिला शिपायाला गाडीत घेतलं आणि त्या बाईच्या घरी गेलो. या वेळी ओसरीवर बसलो नाही. अंगणात उभा राहून म्हणालो, "ताई, मेन मी बंद केला होता. तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय," ती म्हणाली.

"मग बोललात का नाही?"

"तुमालाच कसं सांगायचं, साहेब, की तुमीच केलंय म्हणून? तुमाला पटलं असतं का? आन् गावानं काय म्हटलं असतं? साहेबावर ढकलती म्हणालं असतं." मग ती म्हणाली, "तुमी आमाला करंट लागू नये म्हनून केलं हुतं. ते बी मला दिसत हुतं की."

मी हात जोडले. आयुष्यात पुष्कळांना हात जोडले आहेत, पुढाऱ्यांना, वरिष्ठांना. त्या दिवशीचे खरे होते. सासू दारात उभी होती. ती म्हणाली, "बसा आता. च्या घ्या."

त्याच दिवशी यादी छापली आणि ठरल्या दिवशी पाणी शेपटाकडून सुटलं. केसचा अंतिम अहवाल मी क समरीचा पाठवला, म्हणजे गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा. त्यात स्वच्छ लिहिलं की मेन स्विच तपासी अधिकाऱ्यानं स्वतः बंद केला होता. लेखनिकाने विचारलं, "साहेब, 'वीजपुरवठा खंडित झाल्याने' एवढं लिहिलं तर?" मोह झाला. नाही म्हणत नाही. पण मशीनसुद्धा आपण कसे पडलो ते आपल्या डायरीत लिहून ठेवतं, म्हणूनच ते परत उठू शकतं. वरिष्ठांनी लेखी समज दिली. ती अजून माझ्याकडे आहे, प्रशस्तिपत्रांच्याच फायलीत.

संस्थेने तिला सन्मानाने परत बोलावलं. गावात मी स्वतः सभा घेऊन सांगितलं, चूक कोणाची ते. सभा संपल्यावर पटक्यातला तो म्हातारा जवळ आला आणि म्हणाला, "शाळू भिजला, साहेब. तुमी आमाला बोलून दावलं, हे बी लय झालं."

लोक मला विचारतात, एवढ्या नोकरीत काय शिकलात? मी या दोघींचं नाव घेतो, मनातल्या मनात. एकीनं माझी चूक मला दाखवताना माझा मान राखला. दुसरीनं स्वतःचा मान जात असताना माझा राखला. मी तर रागावर आणि खबऱ्यावर चालत होतो. त्या दोघी नसत्या तर मी एका सरळ बाईला कोठडीत घालून निवृत्त झालो असतो, आणि हे मला कधी कळलंही नसतं. त्या होत्या याबद्दल मी रोज आभार मानतो. अडकलेल्या माणसाला वेळ द्यावा, भराभर बटणं दाबू नयेत, हेही तेव्हाच शिकलो.

पुढच्या खंडेनवमीला संस्थेचं बोलावणं आलं. मला वाटलं नव्हतं येईल म्हणून. गेलो, आणि दाराजवळ उजवा हात खिशात घालून उभा राहिलो. आरती झाली. सचिवाने नारळ उचलला. तेवढ्यात ती बाई कॉम्प्युटरजवळ गेली. रीतीनं तो बंद केला. पडदा काळा होईपर्यंत थांबली, टेबलाखालचा दिवा विझलेला वाकून पाहिला. मग सगळ्यांसमोर माझ्याकडे वळून म्हणाली, "साहेब, आता मेन तुमच्या हातानं बंद करा."

मी खिशातला हात बाहेर काढला.